अंतर संपलं, शेजाराचं काय?

गेल्या जुलैत आमच्या मागच्या घरात गटाराचं पाणी शिरलं. ही बातमी मला कुवेतवरून कळली.

माझा चुलतभाऊ तिथे नोकरीला आहे. सकाळी साडेसहाला त्याचा मेसेज आला, "आपा, तुमच्याकडे सगळं ठीक ना? व्हिडिओ बघितला." व्हिडिओत एक बाई पिठाचा डबा छातीशी धरून पलंगावर उभी होती आणि खाली काळं पाणी. मी दोनदा बघितला, तेव्हा कुठे ओळखलं. ती बाई आमच्या मोरीच्या भिंतीपलीकडे राहते. तिच्या दिराने व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो दुबईला गेला, दुबईहून कुवेतला आणि कुवेतहून बुवापाड्यात माझ्या उशाशी. तिच्या दारापासून माझ्या दारापर्यंत, वळसा घालून, सव्वीस पावलं आहेत. मी नंतर मोजली.

अजून एक कबुली देते. मी आधी त्या व्हिडिओखाली रडका चेहरा टाकला आणि मग चप्पल घातली.

असं होणार हे लोकांनी फार आधी सांगून ठेवलं होतं. फक्त ते आनंदाची बातमी म्हणून सांगितलं होतं. १९६४ साली लेखक आर्थर क्लार्क बीबीसीवर म्हणाले होते की पन्नासेक वर्षांत माणूस ताहिती किंवा बालीमध्ये बसून लंडनसारखाच कामधंदा करू शकेल आणि मग शहरांची गरज कदाचित उरणार नाही. (साठ वर्षं झाली. मला अजून ठाण्याला जायला सकाळची लोकल पकडावी लागते, आणि बायकांच्या डब्यात चौथी सीट मिळाली तर ती ईद.) १९६८ मध्ये जे. सी. आर. लिकलायडर आणि रॉबर्ट टेलर या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला. इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट तेव्हा सुरूही झालं नव्हतं, ते पुढच्या वर्षी झालं. पण या दोघांनी सांगितलं की संगणकांच्या जाळ्यावर नव्या प्रकारचे समाज तयार होतील. हे समाज एका जागी राहणाऱ्यांचे नसतील, एका आवडीच्या लोकांचे असतील. आणि माणूस जास्त सुखी होईल, कारण कोण कुणाच्या जवळ राहतं हा निव्वळ योगायोग असतो. त्या योगायोगाने मिळालेल्या माणसांऐवजी तो आपल्या आवडीची माणसं निवडू शकेल.

हा विचार नीट वाचा, कारण आज आपल्या हातातला फोन याच विचारावर चालतो. शेजार म्हणजे योगायोग. निवड म्हणजे सुख.

पुढे १९९३ मध्ये हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांचं 'द व्हर्च्युअल कम्युनिटी' हे पुस्तक आलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला 'द वेल' नावाचा एक ऑनलाइन कट्टा १९८५ पासून चालू होता, त्याची ही गोष्ट. त्यात एका सभासदाच्या लहान मुलाला रक्ताचा कर्करोग होतो आणि कधी न भेटलेले आईबाप रात्री-अपरात्री त्याला लिहून धीर देतात, हे वाचताना आजही गलबलून येतं. १९९७ मध्ये 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाच्या फ्रान्सेस केर्नक्रॉस यांनी पुस्तकाचं नावच 'द डेथ ऑफ डिस्टन्स' ठेवलं. म्हणजे अंतर मेलं, आता कफन-दफन तेवढं बाकी.

आता तारखा जरा शेजारीशेजारी ठेवू. ऱ्हाइनगोल्ड यांचं पुस्तक १९९३ चं. मुंबईत दंगली झाल्या डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये. तिकडे एक माणूस लिहीत होता की कोण कुठे राहतं याला आता फारसा अर्थ उरणार नाही. त्याच वर्षी इकडे हजारो कुटुंबं भांडीकुंडी टेम्पोत भरून मुंब्र्याला, मीरा रोडला, कुर्ल्याला निघाली होती. कशासाठी? आपल्या माणसांच्या जवळ राहायला मिळावं म्हणून. भिंतीला भिंत लागून असावी म्हणून. वाडवडिलांपासूनची मिश्र वस्ती सोडून लोक अनोळखी पण 'आपल्या' वस्तीत आले. दंगलीनंतर जवळ असणं हा योगायोग उरला नाही. तो हिशेब झाला, जिवाचा.

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात हेच नोंदवलं आहे: सुरक्षिततेच्या भीतीने मुस्लिम ठरावीक वस्त्यांत एकवटतात, आणि मग त्या वस्त्यांकडे पालिका आणि सरकार दुर्लक्ष करतं. म्हणजे भीतीने जवळ यायचं आणि जवळ आल्यावर गटार तुंबायचं. लिकलायडर साहेबांच्या लेखात या प्रकारच्या शेजाराला जागाच नव्हती. ते ज्या जगात लिहीत होते, तिथे त्यांच्यासारख्या माणसाला घर नाकारलं जात नव्हतं. आपल्यातल्या कितीजणांनी फोनवर भाड्याचं घर ठरवलंय, दलालाशी सगळं बोलणं झालंय आणि शेवटी "नाव काय म्हणालात?" या प्रश्नावर समोर शांतता ऐकलीय? अंतर मेलं असेल, पण आडनाव मेलेलं नाही.

पण इथेच थांबले तर मी खोटं बोलले असं होईल. कारण मी स्वतः त्या भाकितावर जीव ओवाळून टाकला होता.

भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. आमच्यापर्यंत पोचायला आणखी आठ-नऊ वर्षं गेली. २००५ मध्ये मी वीस वर्षांची होते. कॉलेजला जाताना स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन बसायचे. प्लायवूडचे खोके, पडदा, घामाचा वास आणि ऑर्कुट. तिथे मी कुणाची मुलगी नव्हते. मी आडनाव लावलं नव्हतं. मराठी कवितांच्या एका समूहात मी लिहायचे, आणि नागपूरची एक मुलगी आणि पुण्याचे एक निवृत्त मास्तर माझ्या ओळी गंभीरपणे वाचायचे. गल्लीत मला इतकं गंभीरपणे कुणी घेतलं नव्हतं. गल्लीत मी 'कारखान्यातल्या अमक्याची मोठी' होते. ओढणी कशी घेतली, किती वाजता आली, कुणाशी बोलली, याचा हिशेब ठेवणारे डोळे दर दहा पावलांवर होते.

त्याच डोळ्यांनी मला एक दिवस सायबर कॅफेतून बाहेर पडताना पाहिलं. मी घरी पोचायच्या आत बातमी अब्बांपर्यंत पोचली होती. तेव्हा अब्बांकडे मोबाइलही नव्हता. माझं कॅफेत जाणं दीड वर्ष बंद झालं.

म्हणून आजकाल कुणी "पूर्वीचा मोहल्ला किती छान होता" असं सुरू केलं की मी विचारते, कुणासाठी? मुलांसाठी नाका होता, चहाची टपरी होती, मशिदीचा ओटा होता. मुलींसाठी काय होतं? नळ. तोही सकाळी पाच ते सात. ज्या पोरीला दारात उभं राहायची मुभा नव्हती, तिला इंटरनेटने खिडकी दिली, हे मी कधी विसरणार नाही. त्या १९६८ च्या लेखातलीच आणखी एक गोष्ट मला फार पटते. त्यांनी तेव्हाच विचारून ठेवलं होतं की जाळ्यावर असणं हा सर्वांचा हक्क असेल की काहींची चैन, यावर सगळं ठरेल. आमच्या गल्लीत आजही तीन घरं अशी आहेत जिथे भावाकडे स्वतःचा फोन आहे आणि बहिणीकडे भावाचा जुना, सिमकार्डाशिवाय.

तर निवड हे सुख आहे, हे मला मान्य. मग माझं भांडण कशाशी आहे?

भांडण असं आहे की निवड करायला मिळाल्यावर आपण काय निवडलं. मी या लेखासाठी माझ्या फोनमधले ग्रुप मोजले. एक्केचाळीस निघाले. गावचा ग्रुप, जमातीचा, खानदानाचे दोन, कॉलेजच्या मैत्रिणींचा, ऑफिसचे चार, मुलाच्या वर्गाचा, डब्यातल्या बायकांचा, कवितेचा, आणि कुणी कधी घातलं ते आठवत नाही असे बरेच. यातल्या ऑफिस, शाळा आणि लोकलचा डबा या तीन ठिकाणचे ग्रुप सोडले, तर बाकी जवळजवळ सगळ्यांत एकाच प्रकारची नावं आहेत. माझ्यासारखी. तुमचेही मोजून बघा. समोरच्या मावशींना विचारलं, त्यांच्याकडेही तसंच, फक्त नावं त्यांच्यासारखी.

आणि गल्लीत? आम्ही कोकणी. शेजारी उत्तर प्रदेशातलं शिंप्याचं घर. समोरच्या मावशी बौद्ध, मूळच्या बीडकडच्या. पलीकडे तेलुगू बोलणारं बांधकाम मजुरांचं घर, कोपऱ्यावर सिंधी शेठचं किराणा दुकान, ते रोज उल्हासनगरहून येतात. या माणसांनी एकमेकांना निवडलेलं नाही. स्वस्त खोली, कारखान्याचा भोंगा आणि रेल्वेचं तिकीट यांनी त्यांना इथे आणून टाकलं. अब्बा सांगायचे, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत क्वार्टर मिळायचं ते पगाराच्या श्रेणीवर आणि नोकरीच्या वर्षांवर. फिटरच्या शेजारी फिटर. कुणाच्या घरी गणपती आहे आणि कुणाच्या घरी रोजे, हे नंतर कळायचं, तोवर साखरेची वाटी दोनदा फिरून आलेली असायची. लिकलायडरना जो योगायोग म्हणून टाकून द्यावासा वाटला, तोच आपल्या देशात मला सगळ्यात मौल्यवान वाटतो. कारण आपल्याकडे माणूस निवडायला लागला की बहुतेक वेळा जात आणि धर्म निवडतो. गल्ली कितीही वाईट असो, माझ्या फोनपेक्षा ती जास्त मिश्र आहे.

आवडीचा समाज कुठवर जाऊ शकतो, हे आपल्या मुलींनी पाहिलंय. १ जानेवारी २०२२ ला शंभराहून जास्त मुस्लिम स्त्रियांचे फोटो एका ॲपवर 'लिलावा'ला ठेवले गेले. त्याआधी जुलै २०२१ मध्ये तसाच प्रकार झाला होता. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने तपास सुरू केला, आणि या प्रकरणात जे पकडले गेले ते विशीच्या आसपासचे, बेंगळुरू, उत्तराखंड, आसाम अशा एकमेकांपासून शेकडो मैल दूर असलेल्या ठिकाणचे. त्यांच्यावरचा आरोप वाचताना मला १९६८ चा तो लेख आठवला. एका जागेचे नसलेले, एका आवडीने बांधलेले लोक. व्याख्या तंतोतंत बसते. भाकीत खरं ठरलं, फक्त आवड कसली असेल हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या टोकाला हडपसर आहे. जून २०१४ मध्ये फेसबुकवरच्या काही आक्षेपार्ह चित्रांवरून पुण्यात वातावरण तापलं, आणि रात्री नमाज पढून घरी निघालेला सोलापूरचा एक तरुण इंजिनिअर जमावाने मारला. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती, तेव्हा नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना ठेचून मारलं. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. या दोन घटनांत धर्म वेगळे, कारणं वेगळी. पण दोन्हीकडे मारल्या गेलेल्या माणसाला ओळखणारं त्या क्षणी तिथे कुणी नव्हतं. "अरे, हा आपला अमका" असं म्हणणारा एकही माणूस. अफवेला हजारो हात होते आणि त्या माणसांना शेजारी नव्हता.

हे मी पुस्तकी बोलत नाही. तीनेक वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका सतरा वर्षांच्या मुलाने एक स्टेटस ठेवलं. काय होतं ते लिहीत नाही. मूर्खपणा होता, चिथावणी म्हणण्याइतकी त्याची अक्कलही नव्हती. रात्री दहापर्यंत त्याचा स्क्रीनशॉट, त्याच्या फोटोसकट, कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेला होता. तिथे लोक त्याचा पत्ता विचारत होते. त्या लोकांपैकी कुणीही त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

साडेदहाला दार वाजलं. समोरच्या मावशींचा मुलगा. तो आणि हा पोरगा एकाच टीममधून टेनिस बॉलचं क्रिकेट खेळायचे. त्याच्या एका ग्रुपवर तो स्क्रीनशॉट आला होता. तो म्हणाला, "ताई, याला आधी घरात घ्या आणि याच्या बाबांना उठवा." पोराने स्टेटस काढलं, माफीचे चार शब्द लिहिले. मग त्याचे वडील, मावशींचे यजमान आणि कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका असे तिघे चालत पोलिस चौकीवर गेले आणि स्वतःहून सगळं सांगून आले. रात्री एकच्या सुमारास नाक्यावर पाच-सात बाइक आल्या होत्या. मावशी पायरीवर बसून होत्या. त्यांना विचारलं गेलं, तो कुठे राहतो. त्या म्हणाल्या, "झोपलाय, सकाळी या, चहा घ्यायला." बाइक गेल्या.

इथे गोष्ट संपवली असती तर छान दिसली असती. पण पुढचं सांगते. त्या रात्रीनंतर काही महिने मावशींच्या घरचे आमच्याशी जेमतेम बोलत होते. त्यांच्या नात्यातल्या लोकांनी त्यांना खूप ऐकवलं होतं, ग्रुपवरच. आमच्याकडचेही काही शहाणे म्हणाले, पोलिसांकडे स्वतःहून जायची काय गरज होती. शिरखुर्मा त्या ईदला समोर गेला, पण डबा धुऊन रिकामा परत आला. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. नंतर हळूहळू झालं ठीक. शेजार हा असाच असतो, त्याला रुसता येतं आणि मग त्याच दारासमोरून रोज जावंही लागतं. ग्रुप सोडता येतो. 'लेफ्ट' एवढंच दिसतं आणि विषय संपतो. भिंत सोडून कुठे जाणार?

कोविडने हा हिशेब उघडा केला. मार्च २०२० मध्ये मशिदी बंद झाल्या, त्या उघडल्या १६ नोव्हेंबरला. रमजान घरात गेला. आम्ही तरावीह घरीच पढलो, बयान फोनवर ऐकलं, ईदी ऑनलाइन पाठवली. बायकांना तर, खरं सांगते, जे बयान आधी कधी मोकळेपणी ऐकायला मिळत नव्हते ते मिळाले. मला वाटलं, घ्या, झालं की सगळं फोनवर. पण त्याआधीच, ३० मार्चला, मुंबई महापालिकेने परिपत्रक काढलं होतं की कोविडच्या सगळ्या मृतांचं, धर्म कुठलाही असो, दहनच होईल. काही तासांत ते मागे घ्यावं लागलं. पण त्या काही तासांत आमच्या घरात जी शांतता होती ती मला आठवते. अम्मी एवढंच म्हणाली, "खांदा तर लागेल ना?" कुठल्याही ॲपवर खांदा मिळत नाही. त्या वर्षी भिवंडीत शांतीनगरच्या मशिदीत लोकांनी ऑक्सिजनची सोय केली. निरोप फोनवरून फिरले असतील, सिलिंडर हातांनीच उचलावे लागले.

आणि आपल्याच लाइनवरचं उदाहरण. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजाराच्या वर प्रवासी. डब्यातून व्हिडिओ निघत होते आणि सगळा देश बघत होता. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, आणि जवळच्या गावांतली माणसं आली, कारण ती जवळ होती.

आता दुसरी बाजू. ऑनलाइन गेलो म्हणून शेजार तुटतोच, असं मुळीच नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी १६९ जणांचा अभ्यास करून सांगितलं की इंटरनेट वापरणाऱ्यांचा घरच्यांशी संवाद कमी होतो आणि एकटेपणा वाढतो. मोठी खळबळ झाली. चार वर्षांनी त्याच गटाने पुन्हा पाहिलं तर ते परिणाम बरेचसे ओसरले होते. त्याच सुमारास कॅनडात टोरोंटोजवळच्या एका नव्या वसाहतीत, अभ्यासकांनी तिचं नाव नेटव्हिल ठेवलं होतं, काही घरांना वेगवान इंटरनेट आणि वसाहतीपुरती ईमेलची यादी मिळाली होती, काहींना नाही. कीथ हॅम्प्टन आणि बॅरी वेलमन यांना आढळलं की इंटरनेटवाल्या घरांतले लोक जास्त शेजाऱ्यांना ओळखत होते, आणि बिल्डरविरुद्ध तक्रार करायला तेच पटकन एकत्र आले. बिल्डरविरुद्ध! हे वाचून मला टोरोंटो एकदम जवळचं वाटलं.

नेटव्हिलची ती यादी आवडीवर बांधलेली नव्हती. पत्त्यावर बांधलेली होती. माझं म्हणणं इतकंच आहे. आपण एक्केचाळीस ग्रुप रक्तावर, गावावर, जमातीवर, विचारांवर बांधले. पत्त्यावर एकही बांधला नाही.

लहानपणी मौलवीसाहेब सांगायचे, चारही बाजूंची चाळीस-चाळीस घरं म्हणजे शेजार, आणि त्यांचा आपल्यावर हक्क आहे. आम्ही मुलं बोटांवर घरं मोजायचो आणि कुठे तरी कोपऱ्यावरच्या दुकानापाशी चुकायचो. त्यांनी त्या घरांत कोण राहतं याची अट सांगितल्याचं मला आठवत नाही.

गेल्या जुलैत, पाणी ओसरल्यावर, मी आणि मागच्या घरातल्या त्या भाभींनी मिळून ग्रुप केला. नाव ठेवलं 'गल्ली'. तेवीस घरं. घरातून किमान एक बाई हवी, ही अट आम्ही घातली, कारण नाही तर सगळे बाप्येच येतात आणि क्रिकेट सुरू होतं. पहिल्या आठवड्यात 'सुप्रभात' चा पूर आला. दुसऱ्या आठवड्यात एकाने राजकीय व्हिडिओ टाकला, दुसऱ्याने उत्तर दिलं, दोघे बाहेर पडले. मी दोघांच्या घरी गेले. एक परत आला. दुसरा म्हणाला, ग्रुपवर नको, काही असलं तर हाक मारा. मी म्हटलं, चालेल, तेच तर हवंय. ज्या तीन मुलींकडे सिमकार्ड नाही त्यांचं काय करायचं, हे अजून सुटलेलं नाही. एकीच्या आईला ग्रुपमध्ये घेतलंय, मेसेज मुलगी वाचून दाखवते. कोपऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या आजींकडे फोनच नाही. त्यांच्याकडे रोज कुणी ना कुणी जातं, आणि गल्लीतल्या सगळ्यात ताज्या बातम्या त्यांच्याकडेच असतात.

तुम्ही विशी-पंचविशीतले आहात. तुम्हाला मी फोन खाली ठेवा असं सांगणार नाही. मला तसं सांगणाऱ्यांचं मी ऐकलं असतं तर आज हे लिहीत नसते. फक्त आज रात्री एकदा यादी उघडा आणि बघा, तुमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माणसाचा नंबर तिच्यात आहे का. माझ्याकडे नव्हता. चाळीस वर्षं एका ठिकाणी राहून नव्हता.

पावसाळ्याआधी गटार साफ व्हावं म्हणून नगरपालिकेत अर्ज द्यायचा आहे. मागच्या वर्षी एकेकट्याने तीन अर्ज दिले होते, तिन्हींचं काय झालं कळलं नाही. या वेळी गल्लीच्या नावाने एकच द्यायचा आणि पोच घेऊन यायची असं ठरलंय. सतरा घरांच्या सह्या झाल्या. सहा राहिल्यात. त्यातल्या दोन घरांत मी आजवर कधी गेलेले नाही, तिथे रविवारी असरनंतर मावशी आणि मी जाणार आहोत.